आभारस्तुतीत माझे नाव

नाशिक,
सोमवार, ता. ५ ऑक्टोबर १९३६

चि. वत्सलेस,
प्रभूच्या नावाने सलाम.

काल, रविवार ता. ४ ऑक्टोबर रोजी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, भर उपासनेत, दीडशे माणसांदेखत माझी अब्रू घेतली गेली. वेळ घड्याळात पाहून लिहिते आहे. तेहतीस वर्षे मुलींच्या शाळेत काढल्यावर, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत, काहीही झाले तरी हात आधी घड्याळाकडे जातो.

झाले ते असे. आमच्याकडे उपदेशानंतर पाळक दोन याद्या वाचतात. पहिली संकटात असलेल्यांची. त्यांच्यासाठी मंडळी प्रार्थना करते. दुसरी ज्यांच्यावर कृपा झाली त्यांची. त्यांच्यासाठी आभार मानते. पहिलीत कोणाचा ताप, कोणाची माहेरी जाऊन बसलेली सून. दुसरीत बहुतेक बाळंतपणे. मी या वयात दोन्ही याद्यांतून सुटले असे समजून चष्मा पुसत होते. आमचे नवे पाळक यादवराव, वय एकतीस, आवाज उत्तम, समज बेताची, यांनी दुसरी यादी उघडली आणि वाचले, "आपल्या मंडळीतील वडील भगिनी, माजी मुख्याध्यापिका मार्थाबाई, यांना दोन वर्षे चिंतेच्या आजाराने ग्रासले होते. विश्वासाने आणि उपासनेने त्या आता पूर्ण बऱ्या झाल्या आहेत. आपण उभे राहून आभार मानू."

मंडळी उभी राहिली. आभाराचे गीत झाले, चारही कडवी.

मंडळीला मी दोन वर्षे दमा सांगत आले आहे. दम्याला मान आहे. दमेकरी मध्येच उठून बाहेर गेला तर कोणी मान वळवत नाही, आणि त्यासाठीच मी दाराजवळचा शेवटचा बाक धरला होता. आता सगळ्या माना वळतात. उपासना सुटल्यावर अकरा बायकांनी दाराबाहेर माझे हात हातात घेतले. टांगेवाला गोटीराम, जो आत पाऊलही टाकत नाही, तोसुद्धा म्हणाला, "बाई, बरं झालं ऐकून."

ही बातमी फोडली कोणी? माझ्या मते दवाखान्यातला कंपाउंडर चिमाजी. झोपेचे औषध तोच बांधून देतो. पण ते मी तीन आठवड्यांपूर्वी आणले होते आणि पाहुण्यासाठी आणले असे सांगितले होते. नाशिकहून कोणी तुला काही लिहिले आहे का, ते कळव.

माझी काळजी करू नकोस. मी अगदी बरी आहे, तुला ऑगस्टात लिहिलेच होते. काल गीत चालू असताना बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती ती रागाने.

तुझी,
मार्थाताई


मनमाड,
शुक्रवार, ता. ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,
वत्सलेचा सलाम.

चिमाजीला बोल लावू नकोस. ते काम माझे आहे. तुझे पत्र वाचून मी इतकी हसले की सासूबाईंनी आतून विचारले, काय झाले. त्यांना उठता येत नाही, पण कान शाबूत आहेत.

ताई, मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या वर्षी जुलैत तुझे ते दोन ओळींचे पत्र आले. संध्याकाळ व्हायला लागली की छातीत कोणीतरी मूठ आवळते आणि प्रार्थना म्हणायला बसले तर शब्द तोंडात येतात पण पुढे जात नाहीत, असे तू लिहिले होतेस. आई गेल्यावर मला वाढवणारी तू. मावशीच्या घरात मला कोणी काही बोलले तर मध्ये उभी राहणारी तू. ते पत्र वाचून मला तुझ्याकडे धावत येता येईना, कारण घरात हे अंथरूण. मग मी देवाजवळ बोलले, की दर बुधवारी दिवसभर अन्न घेणार नाही आणि तुझ्यासाठी प्रार्थना करीन, तू बरी होईपर्यंत. आणि झालीस की तुमच्या मंडळीच्या पवित्र मेजासाठी आच्छादन विणून देईन.

ऑगस्टात तुझे पत्र आले, झोप लागते, हात थरथरत नाहीत, जेवण जाते. मी ते पत्र यांना वाचून दाखवले, सासूबाईंना दाखवले, शेजारच्या जुलेखाभाभींना दाखवले. दीड महिना रोज रात्रीपर्यंत बसून आच्छादन पुरे केले. यांच्या बरोबरचे फायरमन बहिरू नाशिक रोडला उतरणार होते, त्यांच्या हाती ते पाळकसाहेबांना पाठवले, बरोबर चिठ्ठी. नवस बोलला तर तो मंडळीसमोर फेडायचा असतो, म्हणून चिठ्ठीत सगळे लिहिले. तुला आधी कळवले नाही, कारण तू नको म्हटले असतेस.

आता रागावू नकोस. दोन वर्षे तू दमा सांगितलास हे मात्र मला माहीत नव्हते. आच्छादन मेजाला पुरले का? कडेला द्राक्षांचे घोस आहेत, ते ओळखू येतात ना?

तुझी,
वत्सला

ता. क. यावेळच्या पत्रात तुझे अक्षर उजवीकडे उतरत गेले आहे. शाळेत आम्हाला त्यासाठी तू उभे करायचीस.


नाशिक,
मंगळवार, ता. १३ ऑक्टोबर

चि. वत्सलेस सलाम.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. तीन दिवस उत्तर दिले नाही, कारण जे लिहिले असते ते टपालखात्याने नेले नसते.

तुला हे कोणी सांगितले होते? बोललीस तर बोललीस, पण देवाजवळ बोललेले देवाजवळ ठेवायचे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आपल्याला शिकवले की रडायचे असेल तर आधी रुमाल शोधावा. तू सगळ्या नाशिकला रुमाल वाटलेस. आच्छादन मेजाला पुरले. घोस द्राक्षांचेच वाटतात. पाळकसाहेबांच्या पत्नीने माझ्यासमोर दोनदा त्यावरून हात फिरवला.

आता पुढचे ऐक. काल यादवराव चहाला आले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी मंडळीसमोर उभे राहून साक्ष द्यावी असे त्यांचे म्हणणे. प्रभूने मला चिंतेतून कसे सोडवले ते माझ्याच तोंडून ऐकले की अनेकांना धीर येईल. मी म्हटले, मला सर्दी आहे. ते म्हणाले, तोपर्यंत जाईल. मुलगा वाईट नाही. बिस्कीट चहात बुडवताना तुटले तर माफी मागतो.

आणि एक बाई आली. आक्काबाई नाव. देवळाली कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर आया आहे, आणि दर रविवारी टांग्याचे पैसे वाचवायला चालत येते. उपासना सुटल्यावर ती माझ्या पुढ्यात उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून बोलू लागली. नवरा गेल्यापासून तिला श्वास पुरत नाही, हात थांबत नाहीत. तिचेच शब्द लिहिते. "दोन कप फुटले, बाई. मेमसाब म्हणली तिसरा फुटला की घरी जा. तुमाला बी तसंच हुतं असं पाळकसाहेब बोलले. तुमी काय केलं तेवढं सांगा, मी बी तसंच करते."

तेहतीस वर्षे मुलींच्या प्रश्नांना उत्तरे दिली. एकदाही अडले नाही. मी तिला सांगितले, रोज सकाळी एक स्तोत्र म्हण आणि गरम दूध पी. ती म्हणाली, "दूध नाय मिळायचं, पण स्तोत्र म्हणते." आणि औषधाची पुडी मिळाल्यासारखी आनंदाने गेली.

ती बाई मला आवडत नाही. माझ्याकडे अशी पाहते की मला चष्मा पुसावासा वाटतो.

मार्थाताई


मनमाड,
शनिवार, ता. १७ ऑक्टोबर

प्रिय ताई,
सलाम.

आक्काबाईला दूध पी म्हणालीस हे वाचून हसू आले. तुला दूध पाजायला मावशी नाक दाबायची.

साक्ष दे, ताई. नाही म्हणू नकोस. मी येणार आहे. यांनी पास काढला आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. दोन दिवस सासूबाईंकडे जुलेखाभाभी पाहणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितले. चौदा महिने मी ज्या दिवसाची वाट पाहिली तो मला डोळ्यांनी पाहू दे. पुढच्या बाकावर बसेन, तुझा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. साक्षीत माझे नाव मात्र घेऊ नकोस. मी काही केले नाही, फक्त जेवले नाही.

आता बुधवारी जेवते तर चुकल्यासारखे होते. परवाच्या बुधवारी सवयीने दुपारपर्यंत तशीच बसले, मग लक्षात आले की आता गरज नाही.

एक विचारायचे होते. बहिरू परवा आले होते. ते म्हणाले, सप्टेंबरात त्यांनी तुला नाशिक रोड स्टेशनावर पाहिले. हातात पिशवी होती. गाडी आली, सगळे चढले, आणि तू फाटकाकडे परत गेलीस. त्यांना वाटले कोणाला पोचवायला आली असशील. कुठे जायचे होते?

आक्काबाईचे कळव. तिच्यासाठीही बोलते आहे मी देवाजवळ.

तुझी,
वत्सला


नाशिक,
सोमवार, ता. २६ ऑक्टोबर १९३६

प्रिय वत्सले,

नऊ दिवस झाले. हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे, आणि अक्षर उजवीकडे उतरले तर उतरू दे.

मी बरी झालेली नाही. झाले नव्हतेच. ऑगस्टातले पत्र खोटे होते, पहिल्या शब्दापासून.

ते का लिहिले ते ऐक, आणि मग मला हवे ते म्हण. ऑगस्टाच्या पहिल्या आठवड्यात बहिरू तू पाठवलेले लोणचे घेऊन आले. बसले, चहा घेतला, आणि सहज बोलून गेले की वहिनी बुधवारी नळावर चक्कर येऊन पडल्या, कपाळाला तीन टाके पडले, कोणासाठी तरी उपास करतात म्हणे. कोणासाठी ते त्यांना माहीत नव्हते. मला विचारायची गरज पडली नाही. तू मला त्या टाक्यांबद्दल एक अक्षर लिहिले नव्हतेस, म्हणजे लपवण्याचा मक्ता माझ्या एकटीचा नाही. मी त्याच दिवशी बसले आणि लिहिले की झोप लागते, हात थरथरत नाहीत, जेवण जाते. तू जेवावेस एवढेच मला पाहिजे होते. त्यातून आच्छादन निघेल, यादी निघेल, साक्ष निघेल, हे मला कसे कळणार?

स्टेशनावर मी तुझ्याकडेच यायला निघाले होते. हे सगळे तोंडाने सांगावे असे वाटले. गाडी आली, डब्याच्या दांड्याला हात लावला, आणि पाय उचलेना. मागचा माणूस म्हणाला, बाई, चढा नाहीतर सरका. मी सरकले.

रोज चारच्या सुमारास सुरू होते. ऊन भिंतीवरून खाली यायला लागते आणि मला वाटू लागते की काहीतरी भयंकर होणार आहे, आणि ते माझ्याच चुकीने होणार आहे. काय होणार ते विचारू नकोस. मला माहीत असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. दिवा लागेपर्यंत मी खोलीत फिरते. स्तोत्रे पाठ आहेत, सगळी म्हणते. शब्द बरोबर येतात. कोणी ऐकते आहे असे वाटत नाही.

आता आक्काबाईचे. गुरुवारी तिसरा कप फुटला. शुक्रवारी दुपारी ती बोचके घेऊन माझ्या दारात आली. मेमसाहेबावर तिचा राग नव्हता. ती म्हणाली, "रोज म्हणत हुते, बाई. एक दिस चुकवला नाय. माझाच इस्वास कमी पडला आसंल. तुमचा पुरला, माझा नाय."

वत्सले, मी आयुष्यात खूप मुलींना घालूनपाडून बोलले. काहींना विनाकारण बोलले. पण माझ्या न झालेल्या बरे होण्याने या बाईला जेवढी मोठी शिक्षा झाली, तेवढी कोणाला केली नव्हती. मी तिला खाली बसवले आणि सांगितले, "आक्काबाई, माझाही पुरला नाही. मी बरी झालेली नाही."

ती बोचक्याची गाठ आवळत बसली. मला वाटले उठून जाईल, आणि गेली असती तर मी तिला थांबवले नसते. मग तिने विचारले, "मंग तुमी देवळात कशाला येता?"

मी म्हटले, येते खरी. दर रविवारी दारापर्यंत येते, तिथे थांबते, आणि मग आत येते. ते का, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "तेवढं मला बी जमंल."

मग म्हणाली, आता प्रार्थना म्हणा. मी प्रभूची प्रार्थना सुरू केली. पाच वर्षांची असल्यापासून जी म्हणते ती प्रार्थना, आणि मी अर्ध्यावर थांबले. पुढचे येईना. आक्काबाईने पुढची म्हटली. दोन ओळी गाळल्या, एक मागची पुढे घेतली. मी एकही चूक सुधारली नाही. तुला हे वाचून नवल वाटेल.

काल ती माझ्या बाकावर बसली. दोघींचे हात थरथरत होते, माझे कमी दिसतात कारण मी ते पर्समध्ये घालून बसते. तिसऱ्या गीताला ती उठायला लागली. मी तिचे मनगट धरले, की माझेच सावरायला धरले, ते सांगता येत नाही. आम्ही दोघी आशीर्वचनापर्यंत आत राहिलो. मी तर दोन वर्षांत पहिल्यांदा. कोणी ऐकते आहे का, याचा त्या वेळी विचार केला नाही, कारण ती माझी बोटे इतकी दाबत होती की दुखत होती.

याला बरे होणे म्हणत नाहीत. आज चार वाजता पुन्हा सगळे तसेच झाले. आक्काबाईला काम नाही. मी देवळालीच्या त्या मेमसाहेबाला इंग्रजीत तीन चिठ्ठ्या लिहिल्या, अशा इंग्रजीत की तिला शब्दकोश लागेल. उत्तर नाही. ओळखीच्या दोन घरी विचारले. थरथरत्या हातांची आया कोणाला नको असते. तिला सध्या माझ्या स्वयंपाकघरात ठेवले आहे. माझे कप पितळेचे आहेत. याहून जास्त मला काही करता आले नाही.

शनिवारी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळे सांगितले. माझे नाव यादीतून काढा म्हटले. बिचाऱ्याने डोळे मिटले. मला वाटले प्रार्थना करतो आहे, पण तो विचार करत होता. मग म्हणाला, "मानलेले आभार परत कसे घ्यायचे, बाई? त्याची यादी नाही आपल्याकडे." मग म्हणाला, मंडळीला काय सांगू? मेजावर आच्छादन आहे. लोक येऊन पाहून जातात. मी त्याला रागावायला गेले होते. रागावता आले नाही. मला त्याच्यासाठी आणि त्याला माझ्यासाठी काही करता येत नव्हते.

साक्ष मात्र मी रद्द करू दिली नाही. रविवारी, ता. १ नोव्हेंबरला, मी उभी राहणार आहे. म्हणजे उभे राहायचे ठरवले आहे. उभी राहिले तर जे आहे ते सांगणार आहे, की मी बरी झालेली नाही, मी भिते, आणि मी येते. याहून जास्त माझ्याजवळ साक्ष नाही. मंडळीला ती पुरेल असे वाटत नाही. आणि कदाचित मी उभी राहण्याऐवजी दाराने बाहेर जाईन. दोन्हींपैकी काय होईल ते मला आज सांगता येत नाही, आणि याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

तू येणार आहेस. हे सगळे वाचून येशील की नाही, माहीत नाही. तुझ्या चौदा महिन्यांच्या बुधवारांची मी थट्टा केली असे तुला वाटले तर ते मला खोडता येणार नाही. पण आलीस तर पुढे बसू नकोस. पुढून मला तुझा चेहरा दिसेल आणि माझा धीर जाईल. आमच्या बाकावर तिसऱ्या माणसाची जागा आहे.

आता मला तुझ्याकडून एक उत्तर पाहिजे आणि ते लेखी पाहिजे. बहिरूंबरोबर तोंडी निरोप चालणार नाही. गाडीतून उतरून सांगेन, असेही चालणार नाही, कारण तू समोर उभी राहून मला वाईट वाटू नये म्हणून काहीही बोलशील. हे सगळे कळल्यावर तू माझ्यासाठी प्रार्थना करणार आहेस की नाही? मला स्वतःला येत नाही. कोणीतरी करते आहे हे कागदावर शाईने लिहिलेले मला हवे आहे, म्हणजे उभी राहताना ते माझ्या हातात असेल. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही, कारणे लिहू नकोस. आणि हो असेल तर त्याच कार्डावर हेही लिही की बुधवारी पोटभर जेवून करीन.

कार्ड शनिवार, ता. ३१ ऑक्टोबरच्या दुपारच्या टपालात माझ्या हाती पडले पाहिजे. म्हणजे तू ते उशिरात उशिरा गुरुवारी टाकायला हवेस. त्यानंतर आलेले उत्तर मी धरणार नाही.

मार्था